फिटची गोळी आणि रक्ताचा हिशेब

शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत फिट येणारे एकही माणूस नाही, असे गाव शोधायला निघालो तर बरेच चालावे लागेल. कोणी या दुखण्याला फेफरे म्हणतात, कोणी मिरगी म्हणतात, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याला अपस्मार म्हटले आहे. नाव कोणतेही घ्या. दुखणे मेंदूचे आहे, त्यावर रोज घ्यायची गोळी आहे आणि ती नेमाने घेतली तर पुष्कळांच्या फिट थांबतात, ही गोष्ट आता बहुतेक पाड्यांवर पोचली आहे.

पण त्या गोळीच्या मागोमाग आणखी एक गोष्टही पोचली आहे. "त्या गोळ्या घेऊ नको, त्यांनी रक्ताचं पाणी होतं." मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस आहे. तरी खेड्यांवरून येणारी मुले मला हा प्रश्न विचारतात, कारण घरात कोणाची ना कोणाची गोळी चालू असते. "सर, हे खरं का?" याचे उत्तर हो किंवा नाही, असे एका शब्दात देता येत नाही. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. पण लोक ज्या अर्थाने ती बोलतात त्या अर्थाने खरीही नाही. आणि अर्धवट खऱ्या गोष्टीने जेवढी माणसे फसतात, तेवढी उघड खोट्या गोष्टीने फसत नाहीत. म्हणून हा हिशेब आपण जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजूंनी मांडून पाहू.

प्रथम औषधांची ओळख करून घेऊ. फिटवर आज जी औषधे सर्रास दिली जातात त्यांत चार नावे जुनी आहेत. फेनोबार्बिटोन हे त्यांतले सर्वांत वडील. १९१२ साली जर्मनीत त्याचा फिटवर उपयोग होतो असे दिसून आले. दुसरे फेनिटॉइन. १९३८ साली अमेरिकेत बॉस्टनच्या मेरिट आणि पटनम या दोघांनी ते फिटच्या रोग्यांना देऊन पाहिले. तिसरे कार्बामाझेपिन, हे १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. चौथे व्हॅल्प्रोएट. त्याचा फिट थांबवण्याचा गुण १९६२ साली फ्रान्समध्ये जवळजवळ अपघातानेच ध्यानात आला. दुसरी औषधे विरघळवण्यासाठी ते वापरत होते. गुण विरघळवणाऱ्याचाच निघाला! तुमच्या घरातल्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीचे नाव असेल, पण त्याच्या खाली बारीक अक्षरांत यांपैकीच एखादे नाव बहुधा सापडेल. ते एकदा वाचून घ्या, वहीत लिहून ठेवा. पुढे जे सांगणार आहे त्यासाठी ते लागेल.

आता रक्ताकडे वळू. रक्त तयार होते ते हाडांच्या आतल्या मगजात. शास्त्रात त्याला अस्थिमज्जा म्हणतात. आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. आपण राब भाजतो, त्यावर भात पेरून आवण तयार करतो आणि मग ते उपटून खाचरांत लावतो. आवणी कितीही खाचरांची असो, रोप येते एकाच राबातून. अस्थिमज्जा हा रक्ताचा राब आहे. तिथून तीन प्रकारच्या पेशी निघतात. तांबड्या पेशी सर्व अंगाला प्राणवायू पोचवतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या जखमेवर गुठळी धरून रक्त थांबवतात.

या तिघींचे आयुष्य मात्र सारखे नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. जंतूंवर पहिली धाव घेणारी जी पांढरी पेशी, तिचा रक्तातला मुक्काम मात्र काही तासांचाच. एवढे लक्षात ठेवले तर पुढची सगळी लक्षणे तुमची तुम्हांला उलगडतील. समजा राबच बसला, नवी रोपे निघेनाशी झाली, तर आधी काय संपेल? पांढऱ्या पेशी. म्हणून पहिली खूण ताप, घसा दुखणे, तोंडात फोड येणे. मग प्लेटलेट कमी होतात. हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके, मार न लागता निळे-काळे डाग. आणि सर्वांत शेवटी, काही आठवड्यांनी, माणूस पांढराफटक पडतो. लोक "रक्त आटलं" म्हणतात ते या शेवटच्या पायरीला. परंतु खरा धोका ओळखायचा तो पहिल्या पायरीवर.

आता या गोळ्यांमुळे रक्तात काय काय घडू शकते ते एकेक पाहू. सगळे एका मापाचे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला प्रकार साधा. कार्बामाझेपिन घेणाऱ्या दहांतल्या सुमारे एकाच्या पांढऱ्या पेशी थोड्या उतरतात. बहुतेकांत त्या आपोआप पूर्ववत होतात किंवा थोड्या कमी राहूनही काही बिघडवत नाहीत. रक्ताच्या कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा साधारण ४,००० ते ११,००० असावा असे लिहिलेले असते. तो ३,८०० आला म्हणून घाबरून गोळी फेकून देण्याचे कारण नाही. कागद डॉक्टरांना दाखवावा, ते पुन्हा तपासायला सांगतील तेव्हा तपासावे.

दुसरा प्रकार प्लेटलेटचा. व्हॅल्प्रोएटने, विशेषतः त्याची मात्रा मोठी असेल तर, प्लेटलेट कमी होतात. हे औषधाच्या मात्रेवर अवलंबून असल्यामुळे मात्रा उतरवली की बहुधा सुधारते. म्हणूनच व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या माणसाने दात काढण्यापूर्वी किंवा कोणतेही ऑपरेशन करण्यापूर्वी "मी ही गोळी घेतो" असे सांगितलेच पाहिजे. दात काढायला बसलेला माणूस दाताबद्दल सगळे सांगतो आणि डोक्याच्या गोळीबद्दल गप्प बसतो. त्याला वाटते, दाताचा नि मेंदूचा काय संबंध? संबंध रक्तातून आहे.

तिसरा प्रकार पांडुरोगाचा, आणि या प्रकाराची गोष्ट थेट आपल्या मुंबईशी निगडित आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने कामाला सुरुवात केली. त्या काळी मुंबईतल्या गरीब वस्त्यांत, गिरणीत राबणाऱ्या बायकांत, गरोदरपणी एक जीवघेणा पांडुरोग होत असे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्या बायकांच्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या पण आकाराने भलत्या मोठ्या दिसत. बाईंनी त्यांचे खाणेपिणे पाहिले, राहणी पाहिली, आणि त्यांना दिसले की जिच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध नाही तिलाच हा रोग धरतो. मग त्यांनी यीस्टचा, म्हणजे किण्वाचा, स्वस्त अर्क देऊन पाहिला. मरणाच्या दारातल्या बायका उठून बसल्या. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या अर्कात नेमके काय आहे हे अजून कळायचे होते. म्हणून त्या अज्ञात पदार्थाला पुष्कळ दिवस 'विल्स घटक' असेच म्हणत.

पुढे १९४१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या भाजीतून तसला एक पदार्थ चिमूटभर वेगळा काढला. पानातून निघाला म्हणून, पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्याचे नाव ठेवले फोलिक ॲसिड. १९४५ साली ते कारखान्यात बनवण्याची कृती ज्या मंडळींनी बसवली, त्यांचे धुरीण होते आपल्याच देशातून अमेरिकेत गेलेले डॉक्टर येल्लाप्रगडा सुब्बाराव.

फिटच्या गोळीशी याचा संबंध असा. १९५२ च्या सुमारास युरोपातल्या डॉक्टरांना आढळले की फेनिटॉइनच्या जातीची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या काही रोग्यांत अगदी तसाच, मोठ्या पेशींचा पांडुरोग होतो. फेनोबार्बिटोननेही तो होऊ शकतो. ही औषधे शरीरातला फोलिक ॲसिडचा साठा कमी करतात. नवी पेशी घडताना तिच्या आतला आराखडा दुप्पट व्हावा लागतो. त्यासाठी फोलिक ॲसिड हवे. ते नसेल तर पेशी फुगते, वाढते, पण वेळेवर दुभागत नाही. म्हणून पेशी मोठ्या, आणि म्हणूनच थोड्या. उघड पांडुरोग फेनिटॉइन घेणाऱ्या शंभरांत एकालाही होत नाही. पेशी नुसत्या मोठ्या दिसणे मात्र त्याहून पुष्कळ जास्त आढळते.

आता आपल्या ताटाकडे पाहा. पावसाळ्यात आपल्या रानात टाकळा उगवतो, कुरडू येते, भारंगी मिळते, घराशेजारी शेवगा असतो, परसात माठ असतो. त्या दिवसांत पाड्यावरचे ताट हिरवे असते. पण दिवाळीनंतर? भात झोडून झाले की कातकरी आणि ठाकूर वस्त्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे भात, मिरची आणि सुकट यांवर दिवस निघतो. अशा माणसाचा फोलिक ॲसिडचा साठा आधीच तळाला गेलेला; त्यात रोजची फेनिटॉइन. शहरातल्या खात्यापित्या माणसाला जी गोळी सोसते ती भट्टीवरच्या बाईला थोडी जड जाते, ती या कारणाने. दोष एकट्या गोळीचा नव्हे. निम्मा दोष रिकाम्या ताटाचा आहे.

याच्यावरचा उपाय स्वस्त आणि हमखास आहे: फोलिक ॲसिडची गोळी. मात्र इथेही एक ग्यानबाची मेख आहे. फोलिक ॲसिड मोठ्या मात्रेने घेतले तर रक्तातले फेनिटॉइन उतरते आणि थांबलेल्या फिट पुन्हा येऊ शकतात. शिवाय पेशी मोठ्या होण्याचे दुसरे एक कारण बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव हे असते. तिथे नुसते फोलिक दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आतून नसा बिघडत राहतात. तेव्हा दुकानातून परस्पर घेऊ नका, डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदरपणी मिळणाऱ्या लोह-फोलिकच्या लाल गोळ्या मात्र बायकांनी टाळू नयेत. फिटची गोळी चालू आहे एवढे सिस्टरला सांगावे म्हणजे झाले. भाजी शिजवताना पाणी ओतून टाकू नका, कारण फोलिक पाण्यात उतरते आणि फार शिजवले तर नासते.

चौथा प्रकार नवजात बाळाचा. आई फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन घेत असेल तर तिच्या बाळात के जीवनसत्त्व कमी पडू शकते. रक्त गोठायला हे जीवनसत्त्व लागते. अशा बाळाला जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांतच आतल्या आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. उपाय काय? के जीवनसत्त्वाची एक छोटी सुई, जन्मल्याबरोबर. दवाखान्यात ही सुई मिळते. घरात, पाड्यावर, सुईणीच्या हातून बाळंत होणाऱ्या बाईच्या बाळाला ती कोण देणार? म्हणून फिटची गोळी घेणाऱ्या बाईचे बाळंतपण दवाखान्यातच झाले पाहिजे. आणि व्हॅल्प्रोएटबद्दल आणखी एक गोष्ट: पोटातल्या गर्भाला त्याचा अपाय होतो हे आता पक्के ठाऊक आहे. ज्या मुलीचे लग्न ठरते आहे, तिची गोळी बदलायची का, हे दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारले पाहिजे. दिवस गेल्यावर घाबरून एकदम गोळी बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही.

आता पाचवा प्रकार. हाच खरा दुर्मिळ आणि हाच खरा भयंकर. क्वचित एखाद्या माणसात या औषधांमुळे पांढऱ्या लढाऊ पेशी जवळजवळ नाहीशा होतात. शास्त्रात याला अग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. त्याहून क्वचित संपूर्ण राबच करपतो, तिन्ही पेशी थांबतात. तो अप्लास्टिक ॲनिमिया. तिसरा एक उपद्रव औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत उद्भवतो. अंगावर पुरळ, ताप, मानेत-काखेत गाठी, आणि रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशींची अचानक वाढ. यांत यकृतावरही घाला पडतो.

हे किती जणांना होते? इथे आपण बोटांवर हिशेब करू. कोणतेही औषध न घेणाऱ्या सर्वसाधारण लोकांत अग्रॅन्युलोसायटोसिस वर्षाला दहा लाखांत सुमारे सहा जणांना होतो, अप्लास्टिक ॲनिमिया सुमारे दोघांना. कार्बामाझेपिनने हा धोका पाच ते आठ पटींनी वाढतो असे मानले जाते. म्हणजे दोन्ही मिळून दहा लाखांत चाळीस ते चौसष्ट. २०११ च्या जनगणनेत शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची वस्ती मिळून पाच लाखांच्या आसपास होती. आपल्या देशात हजारी पाच-सहा माणसांना फिटचे दुखणे असते. म्हणजे दोन्ही तालुक्यांत अडीच हजार तरी धरा. त्या सगळ्यांनीच कार्बामाझेपिन घेतले असे क्षणभर समजू. तरी दोन्ही तालुक्यांत मिळून सहा ते दहा वर्षांत एकाला हा आजार होईल.

आता वहीची दुसरी बाजू उघडा. फिटचे दुखणे असलेल्या प्रौढांत, दर वर्षी, हजारांत सुमारे एक जण झोपेत किंवा एकाएकी दगावतो. आणि ज्यांच्या मोठ्या फिट आटोक्यात नाहीत त्यांना हा धोका सर्वांत जास्त असतो. अडीच हजारांत निम्मेच प्रौढ धरले तरी वर्षाला एखादा माणूस होतो. यांत विहिरीवर पाणी शेंदताना आत पडलेली बाई नाही, चुलीत हात भाजलेली पोर नाही, ओढ्याला मासे धरताना फिट येऊन ओंजळभर पाण्यात बुडालेला पोरगा नाही. तेही धरा. हिशेब ढोबळ आहे, पण कौल स्पष्ट आहे: गोळीमुळे रक्त करपण्याच्या भीतीने गोळी टाकणारा माणूस लहान संकटातून मोठ्या संकटात उडी घेतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की योग्य औषध मिळाले तर फिटच्या दर दहा रोग्यांतले सात जण फिटविना जगू शकतात. ही झाली जमेची बाजू.

कोणी म्हणेल, "मग एवढे दुर्मिळ आहे तर ते सांगून लोकांना घाबरवायचे तरी कशाला?" त्याला उत्तर अमेरिकेत १९९४ साली मिळाले. आदल्याच वर्षी तिथे फेल्बामेट नावाचे फिटवरचे नवे औषध मोठ्या आशेने बाजारात आले होते. रीतसर चाचण्या झाल्या होत्या, रक्ताचा काही उपद्रव दिसला नव्हता. लाखभर लोक ते घेऊ लागले आणि वर्षभरात अप्लास्टिक ॲनिमियाच्या बातम्या येऊ लागल्या. ऑगस्ट १९९४ मध्ये डॉक्टरांना इशारा द्यावा लागला. चाचण्या करणारे लबाड होते असे नाही. जे हजारो माणसांतून एखाद्यालाच होते, ते दोन-तीन हजार माणसांवरच्या चाचणीत दिसणारच नाही. खंडीभर भातातला एक खडा मूठभर भात निवडून कसा सापडेल? तो सापडतो खाणाऱ्याच्या दाताखाली. म्हणून दुर्मिळ उपद्रव ओळखण्याचे शेवटचे काम रोगी आणि त्याच्या घरचे यांनाच करावे लागते.

पूर्वी कार्बामाझेपिन सुरू केले की पुन्हापुन्हा रक्त तपासावे असा दंडक असे. अनुभवाने असे कळले की हे संकट सवडीने येत नाही. सोमवारची तपासणी चांगली निघते आणि पुढच्या आठवड्यात अचानक पेशी कोसळतात. आज सुरुवातीला एकदा, आणि मग डॉक्टर सांगतील तसे, रक्त तपासतात. पण खरा भर लक्षणांवर असतो. तेव्हा खुणा पाठ करा. फिटची गोळी चालू असताना, विशेषतः ती सुरू केल्याच्या पहिल्या काही महिन्यांत, ताप आणि घसादुखी आली. तोंडात फोड आले. हिरड्यांतून वा नाकातून रक्त आले. अंगावर तांबडे ठिपके, काळे-निळे डाग उमटले. पुरळ उठले किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्या भागात इथेच घोटाळा होतो. पावसाळ्यात ताप कोणाला येत नाही? आवणीच्या दिवसांत अंग भिजलेले, घसा बसलेला. माणूस नाक्यावरच्या दवाखान्यात जातो, एक सुई टोचून घेतो आणि कामाला लागतो. शंभरांतल्या नव्याण्णवांचा तो ताप साधाच असतो किंवा मलेरियाचा असतो. फिटची गोळी घेणाऱ्याने मात्र एक वाक्य बोललेच पाहिजे: "माझी फिटची गोळी चालू आहे, माझं रक्त तपासा." सीबीसी नावाची ही तपासणी बोटभर रक्तात होते. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. माणूस फारच अशक्त असेल तर १०८ क्रमांकावर फोन करा.

आणखी एक सावधगिरी. फिटच्या गोळ्या इतर औषधांशी भांडतात. क्षयाच्या औषधांतल्या आयसोनियाझिडने फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन रक्तात साचू शकतात. एरिथ्रोमायसिननेही कार्बामाझेपिन चढते. कोट्रायमोक्साझोल हे फोलिक ॲसिडच्याच कामात अडथळा आणणारे औषध आहे. तेव्हा कोणतेही नवे औषध घेताना जुन्या गोळीचे पाकीट बरोबर न्या. वाचता येत नसले तरी पाकीट दाखवता येते.

आता सर्वांत मोठा प्रश्न. खुणा दिसल्या तर गोळी आपण बंद करायची का? याचे उत्तर नीट ऐका. गोळी बदलावी लागेल हे खरे, पण ती डॉक्टरांनी बदलायची, आणि तीही उद्या-परवा नव्हे, त्याच दिवशी. फिटची गोळी एकाएकी सोडली, विशेषतः फेनोबार्बिटोन, तर एकामागून एक फिट येत राहतात, मध्ये शुद्धच येत नाही. त्यात माणूस दगावतो. डॉक्टर एका हाताने जुने औषध काढतात आणि दुसऱ्या हाताने वेगळ्या जातीचे औषध देतात. वेळेवर ओळखले तर पांढऱ्या पेशी बहुधा एक ते तीन आठवड्यांत परत येतात. तोवर जंतूंपासून जपायचे आणि प्रतिजैविके द्यायची. अप्लास्टिक ॲनिमिया अधिक कठीण. त्याला रक्त द्यावे लागते, मोठी औषधे लागतात, कधी दुसऱ्याच्या मज्जेचे रोपण करावे लागते. अशा रोग्याला मुंबईला पाठवतात. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तरोगांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांच्या केंद्रापासून तिची सुरुवात झाली. कसाऱ्याची किंवा आसनगावची लोकल दादरला जाते, तिथून परळ हाकेच्या अंतरावर. आपल्या तानसा-भातसाचे पाणी ज्या वाटेने मुंबईला जाते, त्याच दिशेला गरज पडली तर आपल्यालाही जाता येते. संकोच बाळगू नका.

ज्याला एखाद्या औषधाने असा अपाय झाला, त्याने त्या औषधाचे नाव जन्मभर जवळ बाळगावे. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन ही नात्यातली औषधे आहेत. पुरळ-तापाचा उपद्रव एकाने झाला तर दुसऱ्यानेही होऊ शकतो. आणि झालेला अपाय कळवावा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर विनामूल्य फोन करून रोगी स्वतः किंवा त्याच्या घरचे माहिती देऊ शकतात. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या एका माणसाची नोंद दिल्लीपलीकडे गाझियाबादला पोचते आणि हजारांच्या नोंदींत मिसळून पुढच्या कोणाचा तरी जीव वाचवते. परळच्या बायकांच्या रक्ताची नोंद तशीच जगभर गेली होती.

भट्टीवर जाणाऱ्यांसाठी शेवटी दोन शब्द. निघण्यापूर्वी दवाखान्यातून जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या. दवाखान्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भाकरीच्या फडक्यात नव्हे, अंगावर ठेवा. भट्टीवरच्या मुकादमाला आणि शेजारच्या बिऱ्हाडाला दुखण्याचे नाव सांगा. लपवलेल्या दुखण्याला मदत मिळत नाही. भगताकडे जाण्याची घरातल्या म्हाताऱ्यांची इच्छा असेल तर अंगारा जरूर लावा. अंगाऱ्याचे गोळीशी वैर नाही. वैर आहे ते गोळी चुकवण्याशी.

तेव्हा पुन्हा कोणी तुम्हांला म्हणाले, "गोळीनं रक्ताचं पाणी होतं," तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला सांगा, "होतं कधीमधी, हजारोंत एखाद्याचं. पण मला त्याच्या खुणा ठाऊक आहेत." आणि रात्रीची गोळी वेळेवर घ्या.